कप्पा ०.३४

एका घरात दोन पीएचड्या चालू असल्या की टेबलावरून भांडणं होतात. टेबल एकच आहे. डाव्या बाजूला ताईचा लॅपटॉप, त्यावर दिवसभर जाहिराती चालू, प्रत्येकीत एक आई काहीतरी धुतेय, पुसतेय नाहीतर कुणाच्या तरी कपाळाला हात लावून ताप बघतेय, आणि उजव्या बाजूला माझा, त्यावर एक रंगीबेरंगी जाळी हळूहळू वाकतेय आणि सरळ होतेय. ताईचा विषय माध्यमांमधलं मातृत्व. माझा फायनाइट एलिमेंट, म्हणजे सोप्या भाषेत मशीनखालची लोखंडी फ्रेम किती थरथरेल ते ती फ्रेम न हलवता कॉम्प्युटरवर काढायचं. (प्रबंधाचं खरं नाव दोन ओळींचं आहे, ते राहू दे.)

लोक विचारतात की तुम्ही दोघं एकमेकांच्या विषयावर काय बोलता. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं काहीच नाही. ती माझ्या कामाला "तुझे त्रिकोण" म्हणायची आणि मी तिच्या कामाला टीव्ही बघणं म्हणायचो, तोंडावर नाही, पण तिला कळायचं.

मग एक दिवस तिला दुसरा कोडर हवा होता.

इथे कोडर म्हणजे प्रोग्रॅमर नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं आणि मी उगाच खूश झालो होतो. त्यांच्यात कंटेंट अ‍ॅनालिसिस म्हणून एक प्रकार असतो, त्यात जाहिराती, बातम्या, मालिका जे काय असेल ते घ्यायचं आणि आधी ठरवलेल्या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक नमुन्यासाठी भरायची. आई घरात आहे की बाहेर, बोलते का, वडील दिसतात का, दिसले तर काय करत असतात असे प्रश्न. या प्रश्नांच्या वहीला कोडबुक म्हणतात. पण एकटीने भरलं तर उद्या परीक्षक म्हणणार की बाई, हे तुम्हाला वाटलं म्हणून तुम्ही लिहिलं. म्हणून दुसऱ्या माणसाने तेच नमुने, पहिल्याचं न बघता, स्वतंत्र भरायचे आणि मग दोघांचं किती जुळतं ते काढायचं. नुसती टक्केवारी काढून भागत नाही, कारण दोघांनी डोळे मिटून ठोकून दिलं तरी काही उत्तरं योगायोगाने जुळणारच. तो योगायोगाचा भाग वजा करायचं गणित जेकब कोहेनने १९६० मध्ये दिलं, त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. मी म्हटलं कपाटाचा कप्पा का, तर ती हसली नाही. तिने तो विनोद आधीच डिपार्टमेंटमध्ये ऐकला होता.

(आमच्यात फायनाइट एलिमेंट हे नाव रे क्लफने पहिल्यांदा छापलं ते पण १९६०. याला काही अर्थ नाही, पण मला हे कळल्यावर बरं वाटलं.)

तर साठ जाहिराती. मी दोन रात्रींत भरून दिल्या. बाकीच्या प्रश्नांवर आमचं बऱ्यापैकी जुळलं, पण एका प्रश्नावर घोळ झाला. प्रश्न होता: आई थकलेली दिसते का, हो किंवा नाही. ताईने साठांपैकी चोवीस ठिकाणी हो लिहिलं होतं. मी नऊ ठिकाणी. दोघांचं हो जुळलं ते आठ. म्हणजे एकूण बहात्तर टक्के उत्तरं सारखी, ऐकायला बरं वाटतं, पण योगायोग वजा केल्यावर कप्पा आला ०.३४. तिच्या क्षेत्रात साधारण ०.८ च्या आसपास असेल तर लोक मान हलवतात, ०.६७ च्या खाली गेलं की भुवया वर जातात, आणि ०.३४ म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या जाहिराती बघितल्या असं समजायला हरकत नाही.

मग भांडण. मी म्हटलं तू आधीच ठरवून बसलीयेस की आया थकलेल्या असतात. ती म्हणाली तू चेहरा बघतोयस. मी म्हटलं मग काय बघू. तिने एक जाहिरात लावली, आवाज बंद करून, आणि म्हणाली चेहरा झाक हाताने आणि फक्त तिचे हात बघ. मी स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी अंगठा धरला. एकवीस सेकंदांत त्या बाईच्या हातांनी डबा भरला, बुटाची नाडी बांधली, फोन खांद्यात धरला, टेबल पुसलं, दार उघडलं. चेहरा पूर्ण वेळ हसरा. आता जाहिरातीत चेहरा हसरा असणारच, पैसे हसायचेच दिलेत तिला.

ती एक जाहिरात, जिथे फक्त मी हो म्हटलं होतं आणि ताईने नाही? त्यात आई रात्री गोष्ट वाचताना जांभई देते. ताई म्हणाली रात्र आहे, झोप आलीये तिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमची आई एकच आहे. म्हणजे बहीण-भाऊ आहोत म्हणजे एकच असणार, पण मला म्हणायचंय की आम्ही दोघांनी एकाच घरात एकाच बाईला वीस वर्षं बघितलं आणि दोघांचा कप्पा ०.३४ आला. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. बरंच नंतर सुचलं.

ताई तेव्हा मला जे वाचायला देत होती त्यातलं थोडं मी वाचलं, भांडणात उपयोगी पडेल म्हणून. शॅरन हेज म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९६ मध्ये "इंटेन्सिव्ह मदरिंग" ही कल्पना मांडली. म्हणजे आईपण मुलाभोवती फिरणारं हवं, तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालणारं हवं, भावनेने पूर्ण गुंतलेलं, कष्टाचं आणि वर खर्चिक. हे पाचही एका बाईने करायचं, आणि नोकरी करणाऱ्या बायका वाढत असतानाच ही अपेक्षा कमी व्हायच्या ऐवजी चढत गेली, हे त्यांचं कोडं. जाहिरातींना हे फार सोयीचं, कारण या पाचांपैकी प्रत्येकासाठी काहीतरी विकता येतं.

आणि हे विकणं काही आजचं नाही. "सोप ऑपेरा" हा शब्द आला कुठून, तर १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या दुपारच्या मालिका साबणवाल्या कंपन्या चालवायच्या. त्यातली एक मा पर्किन्स, १९३३ ला सुरू झाली, कपडे धुवायच्या पावडरीच्या पैशावर. एक विधवा आई, लाकडाची वखार चालवते, आणि गावातला प्रत्येक जण आपलं रडगाणं घेऊन तिच्याकडे येतो आणि शहाणा होऊन जातो. सत्तावीस वर्षं चालली, सात हजारांहून जास्त भाग. ताईला यात सगळ्यात आवडतं ते म्हणजे हा आवाज देणारी व्हर्जिनिया पेन सुरुवातीला तेवीस वर्षांची होती. लोक अनुभवी म्हाताऱ्या आईचा सल्ला ऐकतायत आणि मायक्रोफोनसमोर तेवीस वर्षांची मुलगी. १९६० ला बंद पडली. परत १९६०, मी काही म्हणत नाहीये.

आमचं सगळ्यात मोठं भांडण मात्र एका गाडीच्या जाहिरातीवरून झालं. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१९ च्या जूनपासून नियम केला की स्त्री-पुरुषांबद्दलचे घातक साचे जाहिरातीत चालणार नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्या नियमाखाली पहिल्या दोन जाहिराती बंद केल्या. एक चीजची, त्यात दोन बाप खाण्याच्या नादात बाळांना फिरत्या पट्ट्यावर विसरतात. दुसरी फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक गाडीची. तिच्यात कड्यावर तंबूत एक जोडपं आहे, अंतराळात तरंगणारे दोन पुरुष आहेत, कृत्रिम पाय लावून लांब उडी मारणारा एक खेळाडू आहे आणि शेवटी बाकावर बसलेली एक बाई, शेजारी बाबागाडी. मी म्हटलं यात काय चुकलं, बाई शांत बसलीये, छान आहे, माणसाने बसू नये का. ताई म्हणाली एकटी ती फ्रेम घेतलीस तर काहीच चुकलेलं नाही. पण ओळीने बघ. तंबूतली बाई झोपलेली आहे. पुरुष तरंगतायत, उडी मारतायत. आणि ही बसलीये. "या सगळ्यात न हलणारं कोण आहे ते बघ."

न हलणारं. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला असावा, कारण पुढे जे झालं ते यावरूनच झालं.

माझी गोष्ट अशी. फ्रेमची नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठोकून सोडली की ती स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरते ते, मॉडेलमधून येत होती ५२ हर्ट्झ. लॅबमध्ये हातोडीने ठोकून प्रत्यक्ष मोजली तर ४४. हा फरक छोटा नाही. फ्रिक्वेन्सी स्टिफनेसच्या, म्हणजे ताठपणाच्या, वर्गमुळावर अवलंबून असते, म्हणजे ५२ ची ४४ होते याचा अर्थ खरी वस्तू माझ्या मॉडेलपेक्षा जवळजवळ अठ्ठावीस टक्के लुळी आहे. एवढं लोखंड गेलं कुठे?

आमच्या धंद्यात असं झालं की पहिला संशय मेशवर. मेश म्हणजे ती जाळी, वस्तूचे छोटे छोटे तुकडे. तुकडे मोठे असले की मॉडेल खऱ्यापेक्षा ताठ वागतं, फ्रिक्वेन्सी जास्त येते, तुकडे बारीक करत गेलं की ती वरून खाली उतरत खऱ्या उत्तराकडे येते. आणि मेशची भीती आम्हाला उगाच नाही घातलेली. नॉर्वेमध्ये स्लाइप्नर ए नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणी चालू असताना समुद्राच्या खाडीत बुडाला. चौकशीत निघालं की फायनाइट एलिमेंटच्या हिशेबात एका नाजूक सांध्याची जाळी नीट नव्हती, तिथला शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, सत्तेचाळीस टक्क्यांनी कमी धरला गेला आणि म्हणून भिंत पातळ राहिली. माणसं वाचली, पण तळाशी आपटल्यावर भूकंपमापकावर तीनचा धक्का नोंदला गेला. ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, लहान मुलांना बागुलबुवा सांगतात तशी.

तर मी मेश बारीक करत बसलो. ५२.९, ५२.३, ५२.१, ५२.०. रात्रभर रन लावायचा, सकाळी बघायचं. आकडे इतके सुंदर स्थिरावत होते की ग्राफ फ्रेम करून लावावा. आणि सगळे ५२ वर. ४४ कुठेच नाही. दोन महिने हे चाललं. मटेरियलचे आकडे तपासले, वेल्डिंग तपासलं, सेन्सर बदलला, लॅबमधल्या माणसाशी भांडलो (माफी मागितली नंतर).

एका रात्री ताई पाण्याची बाटली घ्यायला उठली आणि माझ्या मागे उभी राहिली. स्क्रीनवर फ्रेम झुलत होती, लाल-पिवळी-हिरवी, आणि खाली चार पाय गडद निळे, निळा म्हणजे शून्य. तिने विचारलं, "हे खालचे का हलत नाहीयेत?"

मी म्हटलं ते फिक्स्ड आहेत. सपोर्ट आहे तो. बोल्टने आवळलेत जमिनीला.

"हलत नाहीत म्हणजे मोजलंस तू?"

"मोजायचं काय त्यात, फिक्स्ड आहेत."

ती गेली झोपायला. मी बसून राहिलो.

आता थोडं गणित सांगतो, ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, पण मग नंतर मला विचारू नका. मॉडेलमध्ये जाळीच्या प्रत्येक गाठीला तीन दिशांच्या तीन ओळी असतात, लाखभर गाठी असल्या तर तीन लाख ओळींचं समीकरण. ज्या गाठीला तुम्ही फिक्स म्हणालात तिची हालचाल शून्य हे आधीच ठरून गेलं, मग ते शोधायला काय उरलं? म्हणून बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या गाठीच्या ओळी आणि रकाने समीकरणातून काढूनच टाकतात आणि राहिलेलं सोडवतात. स्वस्त पडतं. काढून टाकलेल्या गाठीवर भार येत नाही असं अजिबात नाही, उलट वरचा सगळा भार शेवटी तिथेच येतो, त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि तो मागाहून काढताही येतो. पण मागावा लागतो. त्या आउटपुटवर टिक केली नाहीत तर रिपोर्टमध्ये तो येतच नाही, आणि मी माझ्या तीन वर्षांच्या रन्समध्ये ती टिक किती वेळा केली होती ते बघितलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सेन्सर फ्रेमवर न लावता पायावर लावला. हलत होता. भरपूर नाही, पण हलत होता, आणि पायाखालचा ओटासुद्धा त्याच्याबरोबर हलत होता. मग पायाला बाजूने ठरावीक जोर देऊन तो किती सरकतो ते मोजलं, त्यातून ओट्याचा स्टिफनेस काढला आणि मॉडेलमध्ये फिक्स्डच्या जागी चार स्प्रिंगा टाकल्या. उत्तर आलं ४५. यात नवीन असं काहीच नाही हो, जमिनीला स्प्रिंगांची गादी समजायची युक्ती एमिल विंकलरने १८६७ मध्ये लिहून ठेवलीये, आम्हाला परीक्षेला होती, मी त्यात चांगले मार्क मिळवले होते. फक्त माझ्या स्वतःच्या फ्रेमखाली जमीन आहे हे मला सुचलं नव्हतं.

ताईला सांगितलं तर तिने विचारलं, "मग आत्तापर्यंत कुणीच नव्हतं मोजलं?"

मी म्हटलं, "फिक्स्ड गोष्ट कोण मोजतं."

आणि हे म्हणता म्हणता मला ते सगळं दिसलं, चोवीस आणि नऊ, मा पर्किन्स, बाकावरची बाई, आणि मी एकदम उत्साहात येऊन तिला म्हटलं की ताई, तुझ्या जाहिरातीतली आई म्हणजे फिक्स्ड सपोर्ट आहे. ती हलत नाही असं आधीच ठरवलंय, म्हणून तिची ओळ समीकरणातच नाही, सगळा भार तिच्यावर येतो पण रिअ‍ॅक्शन कुणी मागितल्याशिवाय छापून येत नाही. मी चेहरा बघत होतो म्हणजे मी हालचाल बघत होतो, आणि तू हात बघत होतीस म्हणजे तू रिअ‍ॅक्शन मागत होतीस. मला वाटलं आता ही उठून माझी पाठ थोपटणार.

ती म्हणाली, "छान आहे. म्हणजे आई आता जमीन झाली."

मी म्हटलं तसं नाही गं.

"तसंच आहे. आई म्हणजे धरती, आई म्हणजे आधार, आई म्हणजे पाया, हेच तर मी चार वर्षं मोजतेय, आणि तू फक्त त्याला इंजिनिअरिंगचा युनिफॉर्म घातलास. बरं स्प्रिंग केलीस, थोडी हलू दिलीस, तरी ती खालीच आहे ना? वर तुझीच फ्रेम. तुझा अभ्यास फ्रेमचाच. ओटा हलतो हे तुला कशासाठी हवंय, तर तुझे ५२ चे ४४ व्हावेत म्हणून."

मग तिने एड्रिएन रिच या अमेरिकन कवयित्रीचं काढलं, त्यांनी १९७६ मध्ये मांडलेला फरक, की आईपणाचा एक स्वतःचा अनुभव असतो आणि आईपण नावाची एक संस्था असते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था काय म्हणते ते जाहिरातीतून मोजता येतं. अनुभव तिथे सापडत नाही, कितीही बारीक मेश केली तरी. हे "मेश" ती मुद्दाम म्हणाली.

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. रूपक मला आवडतं आणि तिचा आक्षेपही बरोबर आहे, दोन्ही एकदम, काय करायचं ते करा.

कोडबुक मात्र आम्ही बदललं. "थकलेली दिसते का" हा प्रश्न काढून टाकला, कारण दिसण्यावर एकमत होणं अवघड. त्याजागी दोन प्रश्न आले: एका दृश्यात ती एकाच वेळी किती कामं करतेय, आणि ते करताना दृश्यातलं दुसरं कुणी तिच्याकडे बघतंय का. हे दोन्ही मोजता येतात. मग नव्या साठ जाहिराती (जुन्या वापरता येत नाहीत, त्यांच्यावर भांडून झालं होतं ना), परत स्वतंत्र, आणि कप्पा ०.७६. मी नाचायच्या बेतात होतो, ती म्हणाली थांब, दोन माणसं एकत्र बसून चुकायला पण शिकू शकतात, आकडा जुळला म्हणजे बरोबर असं नाही. मला माझे ५२.९, ५२.३, ५२.१, ५२.० आठवले आणि मी गप्प बसलो. आमच्यात याला दोन वेगळे शब्द आहेत, समीकरण नीट सोडवलं का ते व्हेरिफिकेशन, आणि मुळात समीकरण योग्य होतं का ते व्हॅलिडेशन. पहिलं खोलीत बसून होतं. दुसऱ्यासाठी लॅबमध्ये जाऊन ठोकावं लागतं.

परवा तिच्या एका सेमिनारला गेलो होतो. तिने मार्गारेट हॅमिल्टनची गोष्ट घेतली होती, अपोलोच्या सॉफ्टवेअरवाल्या. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते: त्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलीला एमआयटीतल्या लॅबमध्ये घेऊन जायच्या, मुलीने खेळता खेळता सिम्युलेटरची बटणं दाबली, उड्डाण चालू असताना उड्डाणाआधीचा प्रोग्रॅम, पी शून्य एक, निवडला गेला आणि सगळं कोलमडलं. हॅमिल्टन म्हणाल्या की असं होऊ नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अडथळा घालू, वरून उत्तर आलं की अंतराळवीर प्रशिक्षित आहेत, ते अशी चूक करणार नाहीत. आणि डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ वर जिम लव्हेलने नेमकी तीच चूक केली, दिशादर्शनाचा डेटा पुसला गेला, तो पृथ्वीवरून परत पाठवावा लागला.

मी ही गोष्ट कितीतरी वेळा गोड गोष्ट म्हणून सांगितलीये. चिमुकलीने नासाला शिकवलं वगैरे. ताईने पडद्यावर तिचं एकच वाक्य ठेवलं होतं: त्या टीममधल्या बाकीच्यांची मुलं त्या रात्री कुठे होती? मग तिने काहीच बोललं नाही थोडा वेळ. प्रश्न साधा आहे, बाकीच्यांनाही मुलं असणार, ती कुणीतरी सांभाळत असणार, म्हणून ती गोष्टीत नाहीत. समीकरणातून काढलेल्या ओळी, मी मनात म्हटलं, तिला सांगितलं नाही.

त्याच सेमिनारमध्ये तिने तो प्रसिद्ध फोटो पण दाखवला, डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला, चिंतेत बसलेली बत्तीस वर्षांची बाई आणि तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं. जगात "स्थलांतरित आई" म्हणून ओळखला जातो. त्यात खाली कोपऱ्यात एक अंगठा दिसत होता, तंबूचा खांब धरलेला, तो चित्र बिघडवतो म्हणून नंतर नेगेटिव्हवरून खोडून काढला. आणि त्या बाईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं १९७८ मध्ये. बेचाळीस वर्षं ती नुसती आई होती.

आता माझं लिखाण संपत आलंय आणि शेवटी ऋणनिर्देश लिहायचा असतो. मी पटकन लिहून टाकलं, गाइड, लॅब, ताई, आणि "आईच्या भक्कम आधाराशिवाय हे शक्य नव्हतं." ताईला वाचायला दिलं. तिने भक्कम या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं: मोजलंस?

म्हणून रात्री आईला फोन केला, स्पीकरवर, ताई शेजारी. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून तोच जुना प्रश्न गेला, कोडबुकमधून काढून टाकलेला. म्हटलं आई, आम्ही लहान असताना तू थकायचीस का गं.

आई म्हणाली, "कधीचं विचारतोयस? साल सांग."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग तिने स्वतःच सुरू केलं, कोणतं वर्ष बरं गेलं, कोणतं नाही, ताईची परीक्षा होती ते वर्ष उलट सोपं होतं, त्याच्या आदलं वाईट, मला रात्री दमा व्हायचा ते, तेव्हा ती बसून झोपायची, भिंतीला टेकून, कारण मला आडवं ठेवलं की त्रास व्हायचा. मला दम्याचं आठवतं. बसून झोपल्याचं आठवत नाही. ताईला आठवतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फोनकडे बघत होती.

वीस मिनिटं बोलली. मध्येच म्हणाली, "हे सगळं लिहिणारेस का पुस्तकात?"

मी म्हटलं नाही, एकच ओळ असते. काय लिहू तुझ्याबद्दल?

"नाव लिही," आई म्हणाली. "आई काय, सगळ्यांनाच असते. आणि स्पेलिंग नीट घाल, तुझ्या शाळेच्या कागदांवर अजून चुकीचंच आहे."